कपाळावरून कापलेला फोटो

फाल्गुन लागला की सोलापुरात डाळिंबांच्या हातगाड्या वाढतात. तशी डाळिंबं वर्षभर मिळतात, पण ही हस्त बहाराची. पाऊस परतताना फुललेली आणि उन्हाच्या तोंडावर पिकलेली. गाडीवर रचलेला लाल ढीग आणि ढिगाच्या टोकाला एक फळ फोडून ठेवलेलं, दाणे दिसतील असं. नवी पेठेतून रिक्षा चुकवत जाताना मला ते फोडलेलं फळ दिसतं आणि डोकं फिरतं. ऋतू बदलला की लोकांना सर्दी होते, मला राग येतो. फळाचा काही दोष नाही. दोष कुणाचा ते मला पक्कं माहीत आहे, आणि इतक्या वर्षांनीही तो राग जरासुद्धा शिळा झालेला नाही.

तेव्हा मी नुकतीच बी.कॉम. होऊन नवी पेठेतल्या एका फोटो स्टुडिओत कामाला लागले होते. पासपोर्टचे फोटो, लग्नाचे अल्बम, बारशाला बाळाच्या मागे लावायचा ढगांचा पडदा. सुट्टीच्या दिवशी मात्र जुना घेतलेला डिजिटल कॅमेरा गळ्यात अडकवून मी गावभर हिंडायची. मासिकांना फोटो विकायचे, हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं. एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलवर उभं राहून मी मासिकं चाळायची आणि पानाच्या कडेला बारीक अक्षरात छापलेलं 'छायाचित्र' शोधायची. त्या शब्दापुढे दोन टिंबं आणि मग कुणाचं तरी नाव. त्या दोन टिंबांपुढे कधीतरी 'अश्विनी' यावं, एवढंच माझं स्वप्न होतं. स्टॉलवाले मामा म्हणायचे, "घेणार हायस का नुसती कडाच वाचणार?"

मी फोटो पाठवत सुटले होते. पूर्व भागातल्या गल्लीत बांबूवर वाळत घातलेलं सूत, हिरवं, जांभळं, आणि त्या सुतामागून तेलुगूत भांडणाऱ्या दोघी जावा. बाजार उठल्यावर भाजीच्या पाल्यात बसून चहा पिणारी माणसं. अक्कलकोट रस्त्यावरच्या शाळेत एका वाक्यात मराठी आणि कानडी दोन्ही बोलणाऱ्या मुली. उत्तरं येतच नसत. एकदा आलं ते असं: 'फोटो चांगले आहेत, पण यात सोलापूर जाणवत नाही.' मी ते वाचून थक्क झाले. सोलापुरात जन्मले, सोलापुरात उभी राहून फोटो काढले, आणि सोलापूर जाणवत नाही! आमचं गाव कसं दिसतं हे आम्हाला ठाऊक नाही, ते दुसरीकडे कुठेतरी आधीच ठरलेलं आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मग एके दिवशी पुण्याच्या एका मासिकातून फोन आला. फोटोंचा विभाग सांभाळणारे गृहस्थ होते. आवाज मऊ, बोलणं शुद्ध. "आम्ही उन्हाळी विशेषांक करतोय. विषय दुष्काळ. तुम्ही त्याच भागातल्या, तुम्हाला सोपं जाईल. तडे गेलेली जमीन आहेच आमच्याकडे भरपूर. चेहरे पाठवा. वेदना हवी."

स्टुडिओत गिऱ्हाईक येऊन सांगायचं, मॅट कागद हवा, गुळगुळीत नको. त्याच सुरात ते म्हणाले, वेदना हवी.

पण मी तेव्हा खूश झाले होते. दुष्काळ तर होताच. सांगोल्याकडे टँकर सुरू झाले होते, मेंढ्या घेऊन माणसं बाहेर पडली होती. मी रविवारी पहिली एस.टी. धरली. सांगोला तालुक्यातल्या एका गावात अण्णा, म्हणजे माझे वडील, बरीच वर्षं शाळामास्तर होते. माझं लहानपण तिथंच गेलं. शेजारी महादेवकाका आणि शालनकाकी. त्यांच्या चुलीवरच्या भाकरीवर मी वाढले म्हटलं तरी चालेल. त्यांची डाळिंबाची बाग होती. त्या वर्षी अर्धी बाग त्यांनी पाण्यावाचून सोडून दिली होती. ती झाडं काळी पडून उभी होती. उरलेली अर्धी मात्र नवराबायकोनं शेततळ्यातल्या तळाच्या पाण्यावर आणि नंतर टँकरवर जगवली होती, आणि मी गेले त्या दिवशी तिची तोडणी चालू होती.

तो दिवस मला वासासकट आठवतो. ओल्या मातीचा वास फक्त झाडांच्या बुंध्याशी, एवढाएवढासा. बाकी सगळीकडे धूळ. कात्रीनं देठ तुटल्याचा कट्-कट् आवाज. सावलीला बायका बसलेल्या, मोठं फळ एकीकडे, मध्यम एकीकडे, डागी तिसरीकडे. क्रेटमध्ये कागदाच्या कातरणांची गादी. सगळ्यांच्या बोटांवर डाळिंबाचा काळपट डाग, जो साबणानं जात नाही. तिकडं सोडून दिलेल्या बागेत शेळ्या वाळक्या काटक्या ओढत होत्या, आणि इकडं झाडं फळांच्या ओझ्यानं वाकली होती. मी दोन्ही बाजूंचे फोटो काढले. टँकरचे काढले, पाईपभोवतीच्या गर्दीचे काढले. काहीही लपवलं नाही.

दुपारी व्यापारी आला. पांढरी पँट, काळा चष्मा. फळात खोड काढत तो क्रेटच्या उतरंडीवर टेकला, आणि त्याच्या खाली एक तडकलेलं डाळिंब होतं. तो उठला तेव्हा मागून पँट लालभडक. त्याला पत्ता नाही. बायका एकमेकींना कोपरं मारायला लागल्या. महादेवकाका दोन्ही हातांत एकेक फळ घेऊन, अगदी गंभीर तोंडानं म्हणाले, "शेट, बसा की आजून. रंग बेस चडलाय."

शालनकाकी त्यांच्या समोर उभी होती. ती अशी हसली, अशी हसली की मान मागं गेली, डोळे मिटले, तोंड सताड उघडं, डोळ्यांतून पाणी. मी बटण दाबलं. फोटोत डावीकडे काकी, उजवीकडे दोन डाळिंबं धरलेले काका आणि मागं स्वतःची पँट वळून बघणारा व्यापारी. इतका जिवंत फोटो माझ्या हातून पुन्हा फारसा निघाला नाही. अर्धी बाग जळालेली असताना माणसं इतकी हसू शकतात, हे त्यात होतं. माझ्या मते दुष्काळावरचा याहून खरा फोटो नव्हता.

दहा-बारा फोटो निवडून मी पाठवले. प्रत्येकाखाली कोण, कुठं, काय चाललंय ते लिहिलं. या फोटोखाली लिहिलं: 'शालन आणि महादेव, डाळिंबाची तोडणी, व्यापाऱ्याची गंमत.' आठवड्यानं फोन आला. "तुमचा एक फोटो पूर्ण पान जातोय. नवीन माणसाला आम्ही पूर्ण पान देत नाही." आईनं गल्लीत पेढे वाटले.

अंक आला त्या सकाळी मी स्टँडवरच्या स्टॉलवर स्टुडिओ उघडायच्या आधीच हजर. पान उलटलं आणि आधी कडा बघितली. 'छायाचित्र', दोन टिंबं, माझं नाव. क्षणभर छाती भरून आली. मग नजर फोटोवर गेली.

फोटो काळा-पांढरा केला होता. काका नव्हते. व्यापारी नव्हता. डाळिंबं नव्हती. पानभर फक्त शालनकाकीचा चेहरा, भुवयांच्या बरोबर वर कापलेला. कपाळ गेलं, कपाळावरचं कुंकू गेलं. गळ्यातलं पदराखाली होतंच. मिटलेले डोळे, गालावर पाणी, उघडं तोंड. आणि खाली ठळक अक्षरांत: 'आता कुणाकडे पाहायचं? दुष्काळानं घरधनी हिरावलेली सांगोल्याची शेतकरीण.'

मी स्टॉलच्या फळीला धरून उभी राहिले. मामांनी विचारलं, "काय गं, नाव चुकलं व्हय?" नाव चुकलं नव्हतं, हेच तर वाईट होतं. असल्या खोटेपणाच्या कडेला माझं नाव अगदी शुद्ध छापलं होतं. चूक म्हणायला काही जागाच नव्हती. चूक झाली असती तर कुठंतरी हात हलला असता, एखादा कोपरा वाकडा गेला असता. इथं कात्री नेमकी कुंकवाच्या खालून गेली होती. कापणाऱ्याला काय कापायचं ते चांगलं ठाऊक होतं.

काकीचं माहेर नातेपुत्याचं. तिथल्या कुठल्याशा वाचनालयात अंक गेला, आणि तिच्या धाकट्या भावाला कुणीतरी पान उघडून दाखवलं. त्यानं बहिणीला फोन लावला, लागला नाही. मेहुण्याला लावला, लागला नाही. त्या भागात फोन लागला तर लागायचा. तो बायकोला मोटरसायकलवर मागं बसवून तसाच निघाला. उन्हातान्हात गावात पोचला, तर महादेवकाका दारात खाट ओढून सायकलचं पंक्चर काढत बसलेले. भाऊ गाडी आडवी टाकून त्यांच्या गळ्यात पडला आणि रडायला लागला. काकांना काही कळेना. "आरं झालं काय? कोन गेलं?" भावाला बोलताच येईना. त्याची बायको म्हणाली, "दाजी, तुमीच गेलाय म्हनून आलो आमी."

ही गोष्ट सांगताना पुढं काका स्वतः हसायचे. काकी नाही हसायची. कारण त्याच आठवड्यात आळीतल्या एका लग्नात ती नवरीला हळद लावायला उठली, आणि नवरीची आत्या तिचा हात धरून हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ दे शालन, तू बस." का, ते तिनं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती, ते पान एव्हाना गावातही पोचलं होतं. तिचा नवरा मांडवात वाढायला वाकलेला सगळ्यांना दिसत होता, तरी छापलेल्या कागदाचा विटाळ मोठा ठरला.

मला या दोन्हीचा संताप आला आणि अजून येतो. जित्या माणसाला मारणाऱ्या त्या पुण्याच्या टेबलाचा, आणि खरोखर नवरा गेलेल्या बाईलाही हळदीवरून उठवणाऱ्या त्या मांडवाचा. दोघांनाही बाईच्या चेहऱ्यात बघायचं ते कपाळच. एकानं ते कापलं, दुसऱ्यानं ते हुंगलं. मधल्या मधे चेहरा कुणी बघितलाच नाही. बघितला असता तर हसू दिसलं असतं. गालाच्या सुरकुत्या वर गेलेल्या आहेत, रडताना त्या वर जात नाहीत. पण बघायचंच कुणाला होतं?

मी फोन केले, पत्रं लिहिली. 'बघतो' याच्या पलीकडं उत्तर नाही. शेवटी काकीच म्हणाली, "चल, जाऊ. ह्यांस्नी बी घिऊ. तोंड बगू दे त्याला."

तर आम्ही तिघं पुण्याला गेलो. काकांनी कडक इस्त्रीचा सदरा आणि टोपी घातली होती. काकीनं ठेवणीतलं इरकल नेसलं होतं आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ती एरवी इतकं मोठं लावत नसे. मासिकाची कचेरी थंडगार, भिंतीवर जुन्या अंकांची मुखपृष्ठं काचेत लावलेली. ते गृहस्थ उठून उभे राहिले, मला म्हणाले, "या, या, तुमच्या फोटोची फार चर्चा आहे." मग त्यांनी माझ्या मागं बघितलं.

काकांनी हात जोडले. "नमस्कार सायेब. मी म्हादेव. तुमच्या पुस्तकात मेल्याला."

ते आधी हसले. मग कुणीच हसत नाही बघून खुर्चीत बसले. पाणी मागवलं. म्हणाले, "हे बघा, तो एक प्रातिनिधिक फोटो आहे. त्यात तुमचं नाव कुठं छापलंय?"

"नाव न्हाय," काकी म्हणाली, "पन त्वांड माजं हाय की."

"वाचकांपर्यंत भावना पोचली, हे महत्त्वाचं असतं."

"कुणाची भावना?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "त्या हसत होत्या. मी खाली लिहून पाठवलं होतं."

ते माझ्याकडं वळले. आवाज तसाच मऊ. "तुम्ही नवीन आहात. हळूहळू कळेल. फोटो विकला की तो तुमचा राहत नाही. आणि तुमचं करिअर आता सुरू होतंय, हे लक्षात ठेवा."

मला धमकी ओळखता येते, ती शुद्ध मराठीत असली तरी. मी म्हणाले, "फोटो तुम्हाला दिला होता. काकी दिली नव्हती."

काकीला आमच्या बोलण्यात रस नव्हता. तिनं टेबलावर हात टेकवला. "आमाला भांडान न्हाय करायचं. पुडच्या पुस्तकात पुरा फोटू छापा. ह्यांच्यासकट. रंगात. मी हसल्याली."

ते खरोखर विचारात पडले. मग म्हणाले, आणि हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही, "दुष्काळात हसणारी शेतकरीण... नाही हो, वाचकांना पटणार नाही."

"मी हसले त्ये पटत न्हाय?" काकी म्हणाली. "आनि ह्ये मेल्यालं पटलं व्हय?"

काका बाजूला चुळबुळत उभे होते. त्यांनी तिच्या खांद्याला हात लावला. "चल शालन. हितं कोन बी जितं न्हाय."

पुढच्या अंकात अगदी शेवटच्या पानावर, वर्गणीच्या माहितीखाली दोन ओळी आल्या: 'गेल्या अंकातील एका छायाचित्राबाबत काही वाचकांचा गैरसमज झाला असल्यास दिलगीर आहोत.' वाचकांचा गैरसमज! म्हणजे समज त्यांनी करून दिला आणि गैर ठरलो आम्ही. फोटो नाही, नावं नाहीत, काय चुकलं त्याचा उल्लेख नाही. माझी तिथली दारं अर्थातच बंद झाली. बाकीच्या दोन-तीन ठिकाणीही 'भांडकुदळ मुलगी' म्हणून माझी ओळख आधी पोचली आणि माझे फोटो नंतर.

तो अंक मी काकांना दाखवला तेव्हा ते ओसरीवर बसून बराच वेळ त्या दोन ओळी वाचत होते. मग म्हणाले, "त्यांचं पुस्तक ऱ्हाऊ दे. आपल्याकडं फ्लेक्स असतोय की."

आमच्याकडं कुणाचाही वाढदिवस असला की चौकात फ्लेक्स लागतो. काळे चष्मे घातलेली, आकाशाकडं बोट दाखवणारी माणसं. त्या सगळ्यांच्या मधे, एस.टी. थांबते त्या फाट्यावर, एक दिवस आमचा फ्लेक्स चढला. पूर्ण फोटो, पूर्ण रंगात. काकी, काका, दोन्ही डाळिंबं, मागून लाल झालेला व्यापारी. खाली काकांनी स्वतः सांगितलेला मजकूर: 'आम्ही दोघं मजेत आहोत. महादेव व सौ. शालन.' दुसरा लावला नातेपुत्यात, भावाच्या दुकानावर. एस.टी.तून माणसं वाकून बघायची. तिसऱ्या दिवशी व्यापाऱ्याचा फोन आला की निदान माझा भाग तरी झाका. काका म्हणाले, "शेट, कापाकापी आमी करत न्हाय." त्यानंतर कुठल्या मांडवात काकीला कुणी 'बस' म्हटलं नाही. गावानं माफी मागितली असं नाही, गाव तसं काही मागत नसतं. पण तिच्या हातात हळदीची वाटी परत आली.

मी पुढं फोटो विकत राहिले. काही मासिकं नीट वागली, हेही सांगायला हवं. पण अजून उन्हाळा तोंडावर आला की फोन येतात. आता आवाज तरुण असतात आणि मराठीत निम्मं इंग्रजी असतं. मागणी तीच. "मॅम, सोलापूर साईडचं काही? थोडं रॉ, थोडं पेनफुल?" नव्यानं फोटो पाठवणाऱ्या मुलीही मला विचारतात, ताई, सुरुवात कशी करायची. मी त्यांना सांगते, फोटोतल्या माणसाला घरी जाऊन छापलेलं पान दाखवता येईल का, एवढं आधी बघा. दाखवता येणार नसेल तर ते पूर्ण पान घेऊन काय करायचं?

तो कापलेला फोटो मात्र माझ्या हातून कायमचा सुटला. कुणीतरी अंकातून तो मोबाईलवर उतरवला आणि तेव्हापासून तो फिरतो आहे. कधी पुराखाली, कधी कुठल्या आंदोलनाखाली, एकदा तर भलत्याच राज्यातल्या अपघाताखाली. काकी रडते आहे, रडते आहे, दरवर्षी नव्या कुणासाठी तरी रडते आहे. मी जमेल तिथं लिहिते, ही बाई हसते आहे. माझं कोण ऐकतं?

दोन वर्षांपूर्वी महादेवकाका गेले. कावीळ झाली, दवाखाना झाला, वाचले नाहीत. मी पोचले तेव्हा ओसरी माणसांनी भरली होती. काकी भिंतीला टेकून बसली होती, रडून रडून आवाज बसलेला. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तेवढ्यात पुतण्यांतला एकजण, चांगला शिकलेला, फोन पुढं करून हळहळत म्हणाला, "काकी, हे बगा. कसा योग हाय. शेवटी ह्यो फोटो खरा झाला."

फोनवर तोच चेहरा होता, भुवयांवर कापलेला.

मला वाटलं मी आता त्याला काहीतरी बोलून बसणार. पण काकीनं हात पुढं केला. फोन घेतला, डोळ्यांजवळ धरून बघितला.

"खरा कशानं झाला?" ती म्हणाली. आवाज फाटलेला, पण एकेक शब्द ऐकू येत होता. "ह्यो फोटू काडला तवा ते माज्या म्होरं उबं हुतं. मला हसवत हुतं. ही हसल्याली मी हाय. आनि आत्ता तुज्यासमोर बसल्याली, ही रडल्याली मी हाय. ते गेलं म्हनून माजं हसल्यालं रडल्यालं हुत न्हाय, बाळा. त्ये त्यांनीच हसवल्यालं हाय. त्येवडं तरी माज्याजवळ ऱ्हाऊ द्या."

तिनं फोन परत दिला. त्यानं तो खिशात घातला आणि मान खाली घातली. काकीनं पदर तोंडाला लावला आणि पुन्हा रडायला लागली. कुणी तिला गप्प केलं नाही. ते रडणं तिचं स्वतःचं होतं. ते कुणी मागवलेलं नव्हतं.